फक्त हात

कुडचीकर मॅडम म्हणाल्या,
"बाबालाल, तुम्ही जागेच राहाल.
भूल फक्त हाताला."

गळपट्टीच्या हाडाजवळ सुई.
मग बर्फाचा खडा.
"थंड लागतंय?"
"लागतंय."
थोड्या वेळानं पुन्हा, "आता?"
"कोणीतरी शिवतंय. थंड नाही."

मिरजेत चाळीस वर्षं जवारी घासलेला हा हात
हिरव्या पडद्याआड,
खुंट्या सैल केलेल्या सतारीसारखा:
तारा जागेवर,
बोलत एकही नाही.

उशाशी मॉनिटर. काळी दोनला जरा उतरलेला.
सांगितलं तर मॅडम हसल्या,
"तो तुमचा ऑक्सिजन.
आणखी उतरला की मी उठते."
मग दोघंही ऐकत बसलो.

रात्री अंगठ्याला मुंग्या आल्या,
मग ठणका.
नर्सला हाक मारण्याआधी
थोडा वेळ
तोही ऐकला.