गाठीचा उंट

कालिकेच्या जत्रेत, सहाव्या माळेला,
आकाशपाळण्याच्या निळ्या दिव्यांपासून जरा बाजूला,
भेळेच्या गाड्यांमागे
शकूरभाईंचं लाकडी चक्र उभं होतं.
मोटार नाही. गाणं नाही.
शकूरभाई आणि त्यांचा भाचा दांड्याला खांदा लावतात
आणि अकरा घोडे निघतात
एका उंटासोबत.

अण्णा म्हणाले, "बसा तुम्ही, मी चपला सांभाळतो."
चपला कुणी काढल्याच नव्हत्या.

निहार उंटावर. कल्याणी तांबड्या घोड्यावर,
एका बाजूला पाय सोडून, पर्स पोटाशी.
"ऑफिसातल्या कुणी पाहिलं तर..." म्हणेपर्यंत
चक्र हललं, आणि पुढचं वाक्य
"अगं बाई"मध्ये विरून गेलं.

मी अण्णांकडे पाहत होतो.
चौतीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात
त्यांनी नोटा तपासल्या.
हजारांत एखादी जरी वेगळी दिसली
तरी ती बाजूला. बाद.
अजून भाजीवाल्यानं दिलेली दहाची नोट
उजेडाला धरल्याशिवाय त्यांच्या खिशात जात नाही.

आता ते चक्राभोवती उलट्या दिशेनं चालत होते.
एका फेरीत माना बघितल्या, एका फेरीत कान.
एकाचा कान मागे वळलेला,
जणू घरून कुणी हाक मारलीय.
एकाला दात जास्त. एकाची आयाळ
विंचरायची राहून गेल्यासारखी.
चक्र थांबलं तसा त्यांनी
एकाच्या पोटाखाली हात घातला.
तिथे रंग नव्हता, पटाशीचे घाव तसेच होते.
"दोन सारखे नाहीत," ते म्हणाले.
तक्रार होती की काय, मला कळेना.

शकूरभाई विडी विझवत हसले.
"सारखे कसे होतील? बापानं केलेत.
शिवणीचं लाकूड, एका हिवाळ्यात एक."
"आणि उंट?"
"त्या ओंडक्याला पाठीवर गाठ होती.
घोडा करायचा तर छाटावी लागली असती.
बाप म्हणाला, राहू दे तिला.
उंट करू."

अण्णा बराच वेळ गप्प.
मग निहारला म्हणाले, "सरक जरा पुढे."

भाच्यानं एक पाय धरला, मी दुसरा,
निहारनं वरून सदऱ्याची बाही ओढली,
शिवण उसवली ती उसवलीच.
चक्र फिरलं.
दर फेरीला मी हात हलवला.
त्यांनी नाही हलवला,
त्यांचे दोन्ही हात गाठीवर होते.

शकूरभाईंनी परत दिलेली दहाची नोट
कोपरा फाटलेली, हळदीचा डाग पडलेली.
अण्णांनी न बघताच घडी करून
निहारच्या खिशात घातली.

मुंबई नाक्याला रिक्षा सिग्नलला थांबली.
"तो कान मागे असलेला," ते एकदम म्हणाले,
"कितवा होता रे?"
कल्याणी म्हणाली, तिसरा.
निहार म्हणाला, नववा.
मागची गाडी हॉर्न वाजवत होती.