जाळ्यांची शेड

एन्डेलची जाळ्यांची शेड मी झाडून घेतली
तेव्हा सारेमा बेटावर ऑक्टोबर होता, आणि गावाला
चार शब्द बोलायला जागा नव्हती.
निदान मला तसं वाटलं.

फेरीबोटीतून चाळीस खुर्च्या आणल्या.
आले पाच जण.
पस्तीस खुर्च्या रात्रभर आमच्याकडे बघत राहिल्या.

टेबलं आठ. प्रत्येकावर पाटी :
होड्या, बटाटे, चर्च, शाळा, असं काय काय.
हिल्या बटाट्यांपाशी एकटी बसली,
दोन हातांवर, होड्यांपाशी, ऊनो. तोही एकटाच.
मी भिंतीवर नियम चिकटवत होते, सतरा.
सतरावा : नियमांवर चर्चा नको.

किल्ली दिली ती
गावात ज्याचा आवाज सगळ्यांत मोठा, त्याला.
त्यानं लेम्बितला हाकललं. मी गप्प.
लेम्बित जाताना सगळ्यांना दिसला, दार आपटून गेला.
लाइने यायची थांबली, ते मात्र
मला थेट फेब्रुवारीत कळलं,
तिचा मग खिळ्यावरून काढताना.
तळाशी धूळ.

पाट्या त्याच थंडीत शेगडीत गेल्या.
खुर्च्या आता सात, एका टेबलाभोवती.
आठवा आला की कुणीतरी सरकतं, कुरकुरत.
किल्ली दाराशेजारी लटकते.

लाइनेकडे मी स्वतः गेले.
हेरिंग तळत होती. मागे न वळता म्हणाली,
"तुझ्याकडे बोलणाऱ्यांची सोय होती गं,
ऐकणाऱ्यानं बसायचं कुठं?"

मी स्टूल ओढलं.
तेल तडतडत होतं, बराच वेळ.