डावं पॅडल

सलमाबादच्या गल्लीत, रंगारी आणि टायरवाल्याच्या मधे
आमचं शटर.
जूनच्या दुपारी ते उघडायचं तर
हाताला फडकं गुंडाळावं लागतं.

जासिमची गाडी ट्रेलरवरून आली.
वजन पाचशे साठ किलो. छप्पर नाही, दारं नाहीत,
आत बसायचं म्हणजे हौदात उतरायचं.
पार्करचाचा म्हणाले, ही गाडी नव्हे, बादली.

गिअरचा दांडा नाही.
स्टिअरिंगच्या मागं दोन पाती, उलथन्याच्या टोकाएवढी.
उजवं ओढलं की वरचा गिअर, डावं ओढलं की खालचा.
बाकी मधे सगळी हवा:
सीटमागं सायकलपंपाच्या वकुबाचा कॉम्प्रेसर,
एक टाकी, दोन व्हॉल्व्ह,
आणि बोटाएवढा सिलिंडर, जो पापणी लवायच्या आत
दातात दात ढकलतो.

तक्रार एकच.
गाडी गार असेतो सगळं ठीक.
सहाव्या फेरीनंतर डावं पॅडल ओढलं
तर फुस्स.
गाडी चौथ्यातच, वळण समोर,
आणि जासिम वाळूत.

"भय्या, बरोसा करूं या नहीं, बस इतना बोलो."

मी शिकलो कणकवलीच्या एसटी डेपोत.
तिथं दांडा कमरेपर्यंत यायचा.
फोंडाघाटात ड्रायव्हर त्याच्या सात पिढ्या उद्धरायचे,
तो कण्हत कण्हत पडायचा, पण पडायचा,
आणि आत कुठला दात दुखतोय
ते तळहाताला आधी कळायचं.
पॅडलला काही कळत नाही.
ते नुसता निरोप धाडतं.
पोचला की नाही, ते वळणावर.

"भरवशाच्या म्हशीला टोणगा," चाचा चहा फुंकत बोलले.
जासिमनं अर्थ विचारला, चाचांनी हिंदीत फोडून सांगितला,
म्हशीच्या पोटासकट.
पोरगा इतका हसला
की त्या दिवसापासून गाडीचं नाव तोंगा.

तीन रात्री गेल्या.
आधी वायरिंग उपसलं. मग रिले बदलला, उगाच.
मग सेन्सरवर संशय घेतला, तो बिचारा निर्दोष.
चौथ्या रात्री हीटगन सिलिंडरवर धरली,
सांध्याला साबणाचा फेस फासला
आणि उकिडवा बसून राहिलो.
बराच वेळ काही नाही.
मग एक बुडबुडा.

रबराची रिंग. मोरणीएवढी.
किंमत दोनशे फिल्स.
गारव्यात घट्ट बसायची, तापली की हात सैल सोडायची.
मनामाहून उन्हातान्हाची तपकिरी रिंग आणली,
कॉम्प्रेसर सायलेन्सरपासून वीतभर लांब सरकवला,
त्याला चपात्यांच्या डब्याची चांदी गुंडाळली.
चाचा म्हणाले, आता टोणग्यालाही जेवण बांधून देतोस.

शुक्रवारी रात्री, सखीर.
दिव्यांनी वाळू दुधासारखी दिसत होती.
मी कठड्याशी उभा, फेऱ्या बोटांवर मोजत.
वळणाआधी खट् खट् खट्,
तीन निरोप, तीन पोचपावत्या.
पाचवी. सहावी.
सातव्याला जीव कानात गोळा झाला:
खट् खट् खट्.

तेवढ्यात माझं मधलं बोट अडकलं.
वर्षभर हेच चाललंय, मिटलं की उघडत नाही,
डाव्या हातानं ओढून सरळ करावं लागतं.
दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, आराम द्या.
बोट सुटेपर्यंत
किती फेऱ्या झाल्या, देव जाणे.

जासिम परतला, हेल्मेटमधून घाम निथळत.
"कितने हुए?"
मी म्हटलं, मोजायचं राहिलं.
"बरोसा?"
खिशातून दोन जादा रिंगा काढल्या
आणि त्याच्या हातमोज्यात ठेवल्या.
तीन महिन्यांनी बदल, म्हटलं. आणि कान उघडे ठेव.

बिलावर हमीचा रकाना चाचांनी कोरा सोडला.

काल त्याचा आवाजी निरोप आला,
मागं वारा, इंजिन, कुणाचं तरी हसणं,
आणि एवढंच:
तोंगा टीक. तोंगा बिल्कुल टीक.
तुम्हारा उंगली?