पन्नास लिटर

वेलायुधन म्हणाला, लिटर बघू नका.
टाकी म्हणजे रांजण. उपसला की संपला.
मागची मोटर किती ओढते ते बघा.
पुठ्ठ्याच्या तुकड्यावर त्यानं हिशेब मांडला:
मिनिटाला इतके घनफूट हवा ही गन पिते,
इतकीच हा कॉम्प्रेसर देतो,
आणि मधल्या फरकाखाली दोनदा रेघ ओढली,
माझे वडील वाण्याच्या बिलाखाली ओढायचे तशी.

सोहारची औद्योगिक वसाहत, दुपारचे सव्वाबारा.
बाहेर पंचेचाळीस. आत पंखा थिनरचा वासच फिरवत होता.

माझ्या मनात भरली होती ती जर्मन गन,
डोक्यावर पेला, मुठीत गार लागणारी.
पण तिला पाजायला तीन हॉर्सपॉवर,
त्याला वेगळी वायर, वेगळा फ्यूज,
आणि घरमालक हमूदचं वेगळं तोंड.
शेवटी पन्नास लिटर, दोन हॉर्सपॉवर, तेलावर चालणारा
(बिनतेलाचा गल्ली उठवतो),
आणि कमी हवेत भागवणारी चिनी गन,
नोझल एक पूर्णांक तीन.
सगळं मिळून एकावन्न रियाल.
"आणि ही," म्हणत त्यानं काचेची वाटी पुढं सरकवली,
नळीतलं पाणी अडवणारी.
"हिच्याशिवाय रंग मारू नका.
इथली हवा कोरडी वाटते. नसते."

हे तो मला सांगत होता.
अकरा वर्षं मी समुद्रातून मीठ काढायच्या कारखान्यात
मीटर वाचतो.
वाटी घेतली. चार रियाल वर.

सनी दोन हजार तीनची.
बॉनेटवरचा चकाकीचा थर उन्हानं असा सुटलाय
की चमच्यानं कुणी साय अर्धीच बाजूला केली.
शर्वरी फोनवर म्हणाली, नोव्हेंबरात विकायचीच ना?
मग जाणाऱ्या पाहुणीला लुगडं कशाला?
मी म्हटलं, आवाज तुटतोय.

हमूदच्या अटी:
बारा ते चार नाही.
बांगेच्या वेळी नाही.
वरच्या मजल्यावर त्याची आई झोपली असताना तर नाहीच,
आणि ती कधी झोपते हे तिलाही माहीत नसतं.
उरतो शुक्रवारचा तासभर, आणि त्यातही वारा रेती आणतो.

अंगणात पाणी मारून धूळ बसवली.
मास्क चढवला, स्वतःचाच श्वास कानात ऐकू यायला लागला.
पहिला हात. अर्ध्याहून अर्ध ओलांडत, सरळ, न थांबता,
मनगट वळू न देता.
बॉनेट अर्धं झालं आणि काटा घसरला,
गन थुंकायला लागली.
बोट सोडलं.
मोटर धडधडत टाकी भरत राहिली आणि मी उभा.

कारखान्यात काट्याकडे बघायचे पैसे मिळतात.
तासातासाला आकडा लिहायचा, वर कळवायचा.
इथला आकडा कुणाला कळवायचा नव्हता.
चाळीस. पंचावन्न. नव्वद.
इतका वेळ कशाची वाट बघत
मी या देशात कधी उभा राहिलो नव्हतो.

मधे हमूद आला, खुर्ची ओढून बसला,
मग म्हणाला, एक दार मी मारू?
त्याच्या दारावर हँडलखाली ओघळ आलाय,
मेणबत्तीचा येतो तसा.
त्याला दाखवला नाही.

उजेड कलला तेव्हा टाकीच्या पोटाखालचा स्क्रू सोडला.
फुसफुसत आधी हवा, मग पाणी,
चहाचा कप भरेल एवढं,
गढूळ, वर तेलाचा तवंग.
तिकडे पाण्याच्या थेंबाथेंबाला प्रयोगशाळा,
हे कुणी मागितलंही नव्हतं.
बोगनवेलीला घालायच्या लायकीचं नाही.
डब्यात धरून ठेवलं.

नळी गुंडाळत होतो तेव्हा वरून खिडकी वाजली.
हमूदची आई. हात लांब करून काहीतरी सांगत होती.
मी घाबरून मास्क उतरवला.
हमूदनं मान वर करून ऐकलं, मग हसला.
"टपावर मधे एक पट्टा राहिलाय म्हणते.
तिला वरून दिसतो."

म्हणजे आवाजाला परवानगी.
स्क्रू पुन्हा आवळला, बटण दाबलं.
काटा शून्यावर होता.
खिडकीत ती, खाली आम्ही दोघं,
तिघंही त्याच्याकडे बघत.