त्याच फोनमधली एक धड फाइल

अमळनेरला बसस्टँडच्या मागे,
सुपडूच्या झेरॉक्सवर माझा स्टुडिओ.
पावणेबाराला वैजंता आली, लोटन शिंप्याची मुलगी,
रुमालाच्या गाठीत पेनड्राइव्ह,
जसं कुणी मोडायला सोनं आणावं.
"कानबाईनं विसर्जन शे यामा, भाऊ.
उघडतंच नही."

मी फाइल ओढून टाइमलाइनवर टाकली.
लाल चौकट: आयात होऊ शकली नाही.
पुन्हा टाकली.
कडी आहे हे दिसत असूनही
माणूस एकदा दार लोटून बघतोच.

मग नेहमीचं सगळं.
नाव इंग्रजीत केलं,
देवनागरीला सॉफ्टवेअर कधीकधी बिचकतं.
पेनड्राइव्हवरून हार्डडिस्कवर घेतली.
एमपीफोरचं एमओव्ही केलं;
पाटी बदलून किराण्यात औषध मिळत नाही,
तरी केलं.
कोडेक घातला, कन्व्हर्टर लावला.
तो एक टक्क्यावर जाऊन बसला
जेवणानंतरच्या कारकुनासारखा.
चहावर साय आली.

"व्हॉट्सअ‍ॅपवरून आलीय?"
"नही. मन्हाच फोननी शे. केबल लाईसन काढी."
"मग शूटिंग थांबवलं कसं?"
ती पेनड्राइव्हच्या टोपणाशी खेळत राहिली.
"थांबाडं नही. बोरीमा उभी व्हती.
बॅटरी सरनी. फोन बंद पडना."

तेव्हा कळलं.

फोन आधी नुसतं ओतत जातो,
रंग, आवाज, येईल ते,
आणि काय कुठे ठेवलं याची यादी
लिहितो अगदी शेवटी, बटण दाबल्यावर.
बटण कुणी दाबलंच नाही.
दोन जीबी तीनशे एमबी आत आहेत:
नथ घातलेला नारळ, डोक्यावरचा चौरंग,
फुगडीत सुटलेले अंबाडे,
सुरतहून, वापीहून रोट खायला आलेले
आणि नऊ वर्षांनी एका ओळीत चाललेले
तिचे चार काका.
सगळं आहे. फक्त कुठून कुठवर, ते लिहिलेलं नाही.
शेवट राहिला
म्हणून सुरुवातही उघडत नाही.

तिला एवढंच म्हणालो, "इंडेक्स नाही."

"त्याच फोनवर, त्याच सेटिंगवर
एक धड फाइल काढून आण. मिनिटभर.
तिच्याकडे बघून ही मोडकी नीट लावता येईल."
"कशानी?"
"कशाचीही. पण शेवटी बटण दाब."

ती जिना उतरली.
पाच मिनिटांत वर आली.

दुरुस्ती चालू झाली.
खाली मशिनचं झाकण उघडत होतं, मिटत होतं.
एकतीस टक्के. एकतीस. एकतीस.
मग एकदम सत्तर.

अडीचला चित्र आलं.
पण अकराव्या मिनिटापासून आवाज पुढे पळत होता,
गाणं आधी, तोंडं मागून.
फोन कधी तीस फ्रेम काढतो, कधी सव्वीस,
त्याच्या मनाला येईल तसं.
मी बसून कापत गेलो,
बारा फ्रेम मागे, पुन्हा पाच,
शेवटी थोरल्या काकाच्या ओठांत
त्याचा स्वतःचा आवाज बसला.
वैजंता नुसती त्या ओठांकडे बघत होती.

शेवटची फ्रेम:
गुडघाभर पाणी, कुणाचा तरी अर्धा खांदा,
आणि नारळ अजून हातावर.
तिथून पुढे काही नाही.

"मंग यामा कानबाई
बुडनीच नही?"
"नाही."
ती हसली की काय, नीट कळलं नाही.
म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तशीच."

तीनशे झाले होते. दोनशे दिले,
बाकीचे पोळ्याला.

संध्याकाळी डेस्कटॉप आवरताना
ती धड फाइल सापडली.
एक मिनिट चार सेकंद.
सुपडू कुणाचं तरी आधार कार्ड काचेवर ठेवतो,
हिरवा उजेड त्याच्या हनुवटीखालून सरकत जातो,
तो वर बघतो: "काय करी ऱ्हायनी वं?"
उत्तर नाही.
मग अंगठ्याची सावली,
आणि बटण.

पुसायला गेलो, पुसली नाही.
कधी लागेल सांगता येत नाही.