चावीवाल्याचे गुरुवार

एकतीस वर्षं मी पाणी सोडलं.
पहाटे सव्वाचार, खांद्यावर लोखंडी चावी,
माहीमची गल्ली, झाकण उचलायचं,
बावीस आटे फिरवायचे
की अख्खी चाळ हंड्यांनिशी उभी.
शहर मला तेवढंच ठाऊक, चावीला लागायचं तेवढं.
पलीकडे दुसऱ्याची हद्द,
आणि दुसऱ्याच्या हद्दीत बघायचंही नसतं.

आता गुडघे गेले, वेळ आला.
भुयारी मेट्रो सुरू झाली तेव्हा मालन म्हणाली,
"जमिनीखालचं तुम्हाला काय नवीन?"
तिथेच ठरवलं. दर गुरुवारी एक स्टेशन.
उतरायचं, वर यायचं, चहा प्यायचा, परत.
दिवसाला दोन नाहीत.
जेवणावर जेवू नये.

मरोळ नाक्याला
सरकत्या जिन्यावर आधी सुकी मासळी भेटली, मग उजेड.
शाळेच्या गणवेशातली एक तस्नीम म्हणाली,
"आजोबा, चुकीच्या दारातून आलात.
कुठे जायचंय?"
कुठेच नाही, म्हटलं.
तिला ते पटेना. तिने मला रस्ता ओलांडून दिला,
मग कुठेच नाही ते त्या बाजूला होतं.

बीकेसीत वीस मिनिटं हिंडलो,
एक बादली दिसली नाही.
इथल्या पाण्याला पहाट नसावी.
चहा ऐंशी रुपये. नियम मोडला, प्यायलो नाही.

पुढच्या गुरुवारी धारावी.
मधे मिठी नदी डोक्यावरून गेली,
डब्यात कुणी वर पाहिलं नाही.
बाहेर येतो तर भिंतीच्या कडेने निळ्या नळ्यांची जुडी,
मुलीची वेणी घालायला घ्यावी तशी.
एकेक नळी एकेका दाराची. मोजत गेलो,
चाळिसाच्या पुढे
एका बाईने विचारलं, "तोडायला आलात?"

शीतलादेवी सोडून दिलं.
म्हटलं, नंतर बघू.

काळबादेवीला भांड्यांच्या दुकानात जिग्नेशभाई:
"काय दाखवू, काका?"
काही नको. तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?
माणूस गप्प झाला. मग स्टूल पुढे केलं.
आधी किती यायचं, आता किती येतं,
तिसऱ्या मजल्यावरच्या भावाने पंप लावल्यापासून काय झालं,
भाऊ बोलत का नाही,
आई कुणाकडे राहिली.
चाळीस मिनिटं. चहा तिथलाच, आलं भरपूर.
इतक्या वर्षांत मला एवढं कुणी
हातात चावी असतानाही सांगितलं नव्हतं.

आता एका स्टेशनचं.
नाव सांगत नाही, उगाच कुणाची नोकरी जायची.
फलाटाच्या टोकाला भिंतीवर ओल,
तळहाताएवढी.
लोक तिच्याशी पाठ टेकून मोबाईल बघत होते, रेंज नसताना.
मी बोट लावलं, जिभेला लावलं.
खारं नाही. म्हणजे समुद्र नाही.

गंगाराम धुमकने शिकवलं होतं, नोकरीच्या पहिल्याच रात्री:
सळईचं एक टोक लोखंडाला, दुसरं कानामागच्या हाडाला,
आणि श्वास धरायचा.
गटार बडबडतं.
नळ कुजबुजतो.
सळई जमा करून टाकली होती. हातात काठी होती.
काठी भिंतीला लावली, मूठ कानामागे,
डोळे मिटले.

होता. वर कुठेतरी, उजव्या अंगाला,
जुना बिडाचा जोड, शिसं सुटलेला.
मी तो ओळखला, म्हणजे आवाजावरून
घरातलं माणूस खोकल्यावर ओळखतो तसा.

"बाबा, बरं वाटत नाही का?" गार्डचा हात खांद्यावर.
मला बरंय, म्हटलं. हिला नाही.
त्याने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
बाकावर बसवलं, बाटली दिली.
मी पत्ता सांगितला: वरची गल्ली, पिंपळाजवळचं झाकण,
तिथून सतरा पावलं.
त्याने वहीत लिहिलं. की नुसतं पेन हलवलं?

पुढच्या गुरुवारी नियम मोडून पुन्हा तिथेच उतरलो.
ओलीखाली पिवळी पाटी, पाटीशेजारी
निळी बादली.
कुणीतरी ठेवली होती.
अर्धी भरलेली.
थेंब पडायचा, थांबायचा, पडायचा.

लोकांनी पाय वाचवून वाट काढली.
मी घड्याळ पाहिलं.
सव्वाचार.
दुपारचे, पण सव्वाचारच.