दोन शतांश

उद्यमबागेत एकतीस वर्षं मी एकच काम केलं:
लोखंडाच्या जाड कड्यांना भोकं पाडली.
एका कड्याला बत्तीस.
फरक चालायचा दोन शतांश,
त्याहून जास्त झाला की कडं भंगारात
आणि मेलगे सुपरवायझरची बोलणी आठवडाभर.
कडं जातं कुठं, हे विचारायची पद्धत नव्हती.
ट्रकवर चढायचं, ताडपत्री आवळली जायची,
पुढचं चाकांना ठाऊक.

रिटायर होताना कळलं,
पवनचक्कीच्या मानेत बसायचं ते.

म्हणून ग्रॅच्युइटीतले दीड लाख घातले.
बेकवाडकरांचा नागेंद्र म्हणत होता, फंडच घ्या काका,
एका टोपलीत तीस कंपन्या,
सूर्य बुडला तर वारा, वारा पडला तर पाणी.
अर्धे फंडात टाकले, त्याचं मन राखायला.
अर्धे सरळ शेअरात,
त्या मानेसाठी.

विजयमालानं विचारलं, शेर म्हणजे किती हो?
तिच्या माहेरी, कडोलीला, शेराचं माप अजून आहे,
पितळी, काठाला चेमटलेलं,
जोंधळा भरून वरून बोट फिरवतात, सपाट.
मी म्हटलं, ह्यात भरत काही नाही,
नुसतं रोज कुणीतरी बोट फिरवतं.

बेचाळीसला घेतला.
एकसष्ट झाला तेव्हा कोपऱ्यावर सगळ्यांना चहा पाजला.
सत्त्याहत्तरला गप्प बसलो, दृष्ट लागेल म्हणून.
मग एका बुधवारी कुठलंसं टेंडर
कुणीतरी रद्द केलं,
आणि तेहतीस.

"काय बघूलाय सारखं त्या मोबाईलात?"
"वारा."
"मग?"
"पडलाय."
तेव्हा खिडकीचा पडदा हलत होता,
दोरीवर माझी बनियन पोट फुगवून उभी होती.
ह्या दोन वाऱ्यांचं एकमेकांशी काय नातं
ते नागेंद्रलाही नीट सांगता आलं नाही.

पौर्णिमेची गर्दी सुरू व्हायच्या आधी
लाल बस धरून सौंदत्तीला गेलो.
पाट्या कन्नडमधल्या, मला अर्ध्या लागतात.
डोंगरावर चक्क्या ओळीनं,
तीन फिरत होत्या, बाकीच्या विचारात.
मान मोडेपर्यंत वर बघत
माझं कडं शोधलं.
एवढ्या उंचीवरची भोकं दिसत नाहीत,
आवाज तेवढा येतो,
मोठं कापड सावकाश फाडावं तसा.

खांबाच्या सावलीत मेंढरं बसलेली,
एकापाठी एक, सावलीएवढ्याच रुंदीत.
टोकाला त्यांचा धनगर, लक्कप्पा.
मी वर बोट करून विचारलं, "इद यार्द?"
त्यानं खांदे उडवले. मग माझ्याकडं बघितलं,
इतक्या उन्हात हा माणूस इथं कशाला?
"स्वल्प नंद," मी म्हटलं. थोडी माझी.
म्हटलं आणि ओशाळलो.
तो बराच वेळ वर बघत राहिला,
मग अगदी मनापासून विचारलं,
"याव रेक्की?"
कुठलं पातं?

मनात हिशेब मांडला.
कोट्यवधी शेअरांत माझे सतराशे पंच्याऐंशी.
पात्याच्या टोकावरचा रंगसुद्धा वाट्याला येईना.
दोन शतांश फार झाले.
मेलगेनं हा फरक पकडलाच नसता,
पास करून पुढं पाठवला असता.

उत्तर दिलंच नाही मी.
लक्कप्पानं जमिनीवर काठी टेकवली,
सावलीच्या कडेशी. "इद नंद."
दुपार कलली तशी मेंढरं न सांगता उठली,
हातभर सरकली,
पुन्हा बसली.
त्यानं कांबळं ओढून मला जागा केली.

परतताना बसमध्ये नागेंद्रचा फोन:
काका, बत्तीस झालाय, काढूया काय?
फंडाचं तू बघ, मी म्हटलं.
आणि हे?
बत्तीस भोकं, बत्तीस बोल्ट,
मापात आहे की.
त्याला काही ऐकू गेलं नाही,
खिडकीतनं वारा फार येत होता.